कांड्या, सुगी आणि पन्नास हजार शब्द

नोव्हेंबर संपून आठवडा झाला आणि आज पहिल्यांदाच पहाटे साडेचारला जाग आली तरी मी उठलो नाही, तसाच पडून राहिलो, बाहेर दूधवाल्याची गाडी थांबली, किटलीचा आवाज आला, आणि एकदम वाटलं की हे सगळं कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे, नाहीतर संक्रांतीपर्यंत निम्मं विसरून जाईन.

आधी एक सांगतो. मी बाई आहे. आमच्या बेळगावात बायका 'आलो, गेलो, जेवलो' असंच म्हणतात, कोल्हापूरकडं पण ऐकायला मिळतं. शाळेच्या वहीत मात्र 'मी आले, मी गेले'. आजवर मी जे काय लिहिलं, निबंध असू दे, दिवाळी अंकाला पाठवलेल्या दोन कथा असू देत, सगळं 'आले, गेले'मध्येच लिहिलं. ह्या नोव्हेंबरात ते बदललं. कसं बदललं तेच सांगायचंय, म्हणून ही पोस्ट पण घरात बोलतो तशीच लिहितोय.

तर झालं असं की दसऱ्याला पुण्याची मैत्रीण माहेरी आली होती, आम्ही दोघी तिच्या घराच्या गच्चीवर चहा घेत बसलेलो, आणि मी नेहमीसारखं म्हटलं की मला आजीवर आणि हातमागावर कादंबरी लिहायची आहे. ती म्हणाली, हे तू आपण बी.कॉम.ला होतो तेव्हापासून सांगतेस. मग तिनं मला नॅनोरायमोबद्दल सांगितलं. म्हणजे नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला ख्रिस बेटी नावाच्या माणसानं मित्रमंडळी गोळा करून एका महिन्यात कादंबरी लिहायची असं ठरवलं, पहिल्या वर्षी सगळे मिळून २१ जण होते आणि महिना होता जुलै, पुढच्या वर्षापासून नोव्हेंबर झाला आणि मग ते जगभर पसरलं. नियम साधा आहे. एक तारखेला सुरू करायचं, तीस तारखेच्या रात्री बारापर्यंत पन्नास हजार शब्द. परीक्षक नाही, बक्षीस नाही, कोणी वाचून मार्क देत नाही. शब्द पूर्ण झाले की तुम्ही जिंकलात. ती संस्था बंद होणार असं २०२५ च्या मार्चअखेरीस जाहीर झालं, तेही तिनंच सांगितलं, आणि लगेच म्हणाली, संस्था बंद झाली तरी नोव्हेंबर यायचा थांबत नाही, आपण आपलं करूया.

हिशोब करून बघितला. पन्नास हजार भागिले तीस, रोज १६६७ शब्द. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, आकडा समोर आला की माझी भीती जरा कमी होते. कादंबरी लिहायची म्हटलं की काय करायचं तेच कळत नाही, पण रोज १६६७ म्हटलं की आज काय करायचं ते कळतं.

ग्रुपवर आम्ही चौघं. पुण्याची, मी, निपाणीचा एक मित्र ज्याचं मेडिकल दुकान आहे आणि जो गेली कित्येक वर्षं तंबाखूच्या वखारीतल्या कामगारांवर काहीतरी लिहिणार आहे, आणि खानापूरची मैत्रीण, मराठी शाळेत शिक्षिका. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मी काय लिहिणार नाही, मी फक्त तुम्हा तिघांच्या मागं लागणार. आणि ती खरंच लागली. माझी कादंबरी आज ज्या काय अवस्थेत आहे तशी ती आहे ते तिच्यामुळं.

सुरुवातीला ग्रुपवर एक मोठा वाद झाला तो शब्दांवरून. निपाणीच्या मित्राचं म्हणणं, पन्नास हजार हा आकडा इंग्रजीचा आहे, आपल्या मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'मागावरसुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेच सांगायला चार लागतील, म्हणून आपण चाळीस हजार धरूया. मुद्दा बरोबरच आहे त्याचा, मराठीतले पन्नास हजार म्हणजे मजकूर जास्त भरतो. पण खानापूरच्या बाईंनी ऐकलं नाही. म्हणाली, पोरं पण असंच सांगतात मला, बाई गणितं दहाच्या ऐवजी आठ द्या. पन्नासच ठरलं.

आता एक नोव्हेंबर म्हणजे बेळगावात काय असतं हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. १९५६ साली ह्याच तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही ह्या बाजूला, म्हणजे आताच्या कर्नाटकात आलो. त्यामुळं त्या दिवशी एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, रात्री उशिरापर्यंत डॉल्बी, आणि दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिन. लहानपणी बाबा दंडाला काळी फीत बांधून सायकल घेऊन फेरीला जायचे आणि आई दारात उभी राहून ते परत कधी येतात बघत बसायची. ह्या वर्षी तो शनिवार होता. खिडक्या लावून घेतल्या, डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवला, आणि ज्या दिवशी ह्या गावात भाषा हा एवढा मोठा विषय असतो त्याच दिवशी मी माझ्या भाषेतलं पहिलं वाक्य लिहायला बसलो. हात चालेना.

ते का चालत नव्हते हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. आम्ही सीमाभागातले लोक मराठी लिहिताना फार जपून लिहितो. कोणी म्हणायला नको की यांची मराठी कानडी वळणाची आहे, अशुद्ध आहे. आमच्या गावात साहित्य संमेलनं झाली, १९४६ च्या संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते तेव्हा, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. इंदिरा संत इथंच राहून लिहायच्या. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत थंडीच्या दिवसात साहित्य संमेलन भरतं, लोक लेंगा-टोपीत नाहीतर नऊवारीत येऊन मांडवात बसून भाषणं आणि कथाकथन ऐकतात, मी बाबांबरोबर लहानपणापासून ऐकत आलोय. मराठी आमच्यासाठी नुसती बोलायची गोष्ट नाही, आम्ही ती सिद्ध करत आलोय. म्हणून कागदावर येताना ती एकदम इस्त्री करून येते.

तर माझे पहिले दहा-अकरा दिवस असे गेले. रोज साडेचारला उठायचं, चूल म्हणजे गॅस पेटवून चहा टाकायचा, दोन तास लिहायचं, मग डबे, पाण्याचा दिवस असला तर पाणी, मग ऑफिस. पहिल्याच आठवड्यात तुळशीचं लग्न आलं, त्या दिवशी उसाचे दांडे बांधता बांधता मनात वाक्यं चाललेली. रात्री नऊला ग्रुपवर आकडा टाकायचा. खानापूरची मैत्रीण आकडा बघितल्याशिवाय झोपत नव्हती, साडेनऊ झाले की तिचा मेसेज, 'आकडा?' एवढाच. अकरा तारखेला माझे १७,९०० झाले होते, म्हणजे साधारण चारशे मागं, काही वाईट नाही. पण वाचून बघितलं की पोटात खड्डा पडायचा. माझ्या कादंबरीतली बाई वडगावातल्या विणकराच्या घरात कांड्या भरणारी, शाळेत न गेलेली, आणि तिच्याबद्दलची वाक्यं कशी, तर 'तिने रहाटाजवळ बसून सुताची लड उलगडण्यास प्रारंभ केला.' उलगडण्यास प्रारंभ! आमच्या गल्लीत कोणी आयुष्यात कशाचा प्रारंभ केला नाही.

ज्यांना कांडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. आमच्या घरात खड्ड्याचा हातमाग होता, आजोबा खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबत बसायचे, धोटा इकडून तिकडं पळायचा. त्या धोट्याच्या पोटात जी सुताची छोटी गुंडाळी असते ती कांडी. आडवा धागा तिच्यातनं सुटत जातो. एक संपली की दुसरी. ह्या कांड्या भरायचं काम बायकांचं आणि पोरींचं. उजव्या हातानं रहाट फिरवायचा, डाव्या हाताच्या बोटांतनं सूत सोडायचं. सैल भरली तर धोट्यात सूत घसरतं, गुंता होतो, धागा तुटतो, आणि मागावरचा माणूस वैतागतो. आजीच्या डाव्या हाताच्या बोटावर सुतानं एक बारीक रेघ पडली होती, खोल, भाकरीचं पीठ मळलं की त्या रेघेत पीठ अडकून राहायचं. तिचं काम कुठल्या मजुरीत धरलं जात नव्हतं. साडी विणली कोणी, तर आजोबांनी. हे मला लिहायचं होतं, हेच, लहानपणापासून.

बारा तारखेला सुगीला जायला लागलं. सासर उचगावच्या बाजूला, थोडी भातशेती आहे, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलेलं, माणसं मिळेनात, पावसाचं ढग दिसायला लागलं आणि कापलेलं भात शेतात पडून. चार दिवस रजा टाकून गेलो. भारे बांधायचे, मळायचं, वारं द्यायचं, पोती भरायची, संध्याकाळी अंगाला भाताचं कुसळ चावत असायचं आणि हात एवढे भरून यायचे की फोन धरवत नव्हता. पहिल्या दिवशी शून्य शब्द. दुसऱ्या दिवशी पण शून्य. मी ग्रुपवर लिहून टाकलं की माझं ह्या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

पुण्याच्या मैत्रिणीनं लिहिलं, ठीक आहे, काळजी घे. निपाणीच्या मित्रानं हात जोडल्याची खूण टाकली. खानापूरच्या मैत्रिणीनं काहीच लिहिलं नाही, तिनं फोन केला.

मी खळ्याच्या पलीकडं पिंजराच्या गंजीमागं जाऊन उभा राहिलो, तिथंच रेंज येते. अंधार पडला होता. ती म्हणाली, "काय करालीस?"

"बसलोय गं. पार दमलोय."

"लिहू नको. सांग. आज ती बाई रहाटावर बसली का नाही?"

मी म्हटलं, आत्ता काय सांगू. ती म्हणाली, मला सांग, मी भाकऱ्या थापालोय, फोन स्पीकरवर ठेवलाय, तू बोल. मग मी बोलत सुटलो. आजी पहाटे उठून आधी लड झटकून घ्यायची, मग मला हाक मारायची. शेजारचं घर कानडी, त्यांच्यात पण माग, ते मागाला मग्ग म्हणायचे, तिथली आज्जी रोज दुपारी आमच्या उंबऱ्याशी येऊन विचारायची, "ऊटा आतेन्री?" आणि माझी आजी मराठीत उत्तर द्यायची, "झालं की, बस की गं." दोघी तासभर बोलत बसायच्या, एकीला दुसरीची भाषा येत नव्हती असं म्हणायला जागा नव्हती आणि येत होती असंही म्हणता येणार नाही. कांड्या मोजायला मात्र दोघी कानडीच वापरायच्या, वंदु, येरडु, मूरु, ते का कोण जाणे. पॉवरलूम आला आणि शेजारच्यांनी माग काढला तेव्हा त्या आज्जीनं आपला रहाट आमच्याकडं आणून ठेवला, म्हणाली तुमच्यात तरी फिरू दे. मी चाळीस मिनिटं बोललो. फोन गरम झाला, घरातनं दोनदा हाका आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ऑडिओ फाईल आली. तिनं सगळं रेकॉर्ड केलं होतं. खाली एकच ओळ, 'हे ऐक, हीच कादंबरी.'

बांधावर बसून ऐकलं. आपला आवाज आपल्यालाच ऐकायला नको वाटतो पण पाच मिनिटांनी मी आवाज विसरलो. त्यात मी 'गेलो' म्हणत होतो, 'बघालती', 'बसालती' म्हणत होतो, आईला आई आणि आजीला अव्वा म्हणत होतो, मधेच कानडी शब्द येत होता आणि मला त्याचा अर्थ सांगावासा वाटत नव्हता. आणि आजी तिथं होती. खरंच होती, बोटावरच्या रेघेसकट. सतरा हजार नऊशे शब्दांत ती एकदाही आली नव्हती.

बाकीचे दोन दिवस मी रोज रात्री गंजीमागं जाऊन तिला गोष्ट सांगितली. ती भाकऱ्या थापत ऐकायची, मधे मधे विचारायची, मग आजोबा काय म्हटले? मग त्या रहाटाचं काय झालं?

सोळा तारखेला घरी आलो तेव्हा हिशोब मांडला. ३२,१०० शब्द उरलेले, पंधरा दिवस, म्हणजे रोज २१४०. आधीचं काही पुसलं नाही, ह्या महिन्यात मागं जाऊन दुरुस्ती करायची नाही असं आमचं ठरलं होतंच. अठराव्या हजारापासून सरळ नव्यानं सुरू केलं, 'अव्वा रहाटावर बसायची तवा आधी माझ्याकडं बघायची, म्हणायची, हात वल्ला करून ये.' आणि मग ते चालत राहिलं. काही दिवशी तीन हजार झाले. मला वाटतं ह्या चॅलेंजमधली घाई माझ्या कामी आली ती इथं. वेळ असता तर मी प्रत्येक वाक्य शुद्ध करत बसलो असतो. रोज दोन हजारांच्या वर लिहायचं म्हणजे इस्त्री करायला वेळच नसतो, जी भाषा तोंडात आहे तीच कागदावर येते.

एक अडचण आली ती टायपिंगची. ऑफिसच्या बसमधे मी फोनवर बोलून टाईप करून बघितलं, तर फोनला आमची बोली कळत नाही, 'करालती'चं तो भलतंच काहीतरी करतो, 'अव्वा'ची हवा होते. म्हणून पुन्हा बोटांनी. खिडकीशेजारची जागा मिळाली तर स्टॉप येईपर्यंत दीडशे शब्द व्हायचे.

आणि भीती पण वाटली, खोटं कशाला सांगू. वीस तारखेच्या सुमाराला ग्रुपवर एक पान टाकलं, आणि पुण्याच्या मैत्रिणीला पहिला प्रश्न हाच विचारला की हे पुण्यात कोणी वाचेल का, कानडी शब्दांना तळटीप द्यावी लागेल का. तिचं उत्तर मी जपून ठेवलंय. ती म्हणाली, मी दहा वर्षं इथं 'आले-गेले' बोलतेय, तुझं पान वाचलं आणि आईला फोन लावून 'जेवलो गं' म्हटलं, आई रडली. तळटीप देऊ नको.

निपाणीच्या मित्राचं तीस तारखेला एकतीस हजारांवर थांबलं, पण त्याचं लिहिणं थांबलेलं नाही, त्यानं डिसेंबरचा पण आकडा टाकायला सुरुवात केलीय. पुण्याची सव्वीसलाच पूर्ण झाली. माझं तीस तारखेला रात्री अकराला दहा कमी असताना ५०,०६४. आकडा टाकला. खानापूरच्या मैत्रिणीनं आधी काहीच लिहिलं नाही, मग एक व्हॉईस मेसेज, त्यात ती नुसती टाळ्या वाजवत होती, मागं तिची पोरं पण टाळ्या वाजवत होती, ती पोरं एवढ्या रात्री जागी कशी हे मी विचारलं नाही.

कादंबरी संपलेली नाही. शब्द संपले. गोष्ट अजून शेजारचा रहाट आमच्या घरी येतो तिथंच आहे, आणि पहिली सतरा हजार नऊशे पुन्हा लिहायची आहेत.

परवा रविवारी वडगावला आईकडं गेलो. जिथं मागाचा खड्डा होता तिथं आता माती भरून फरशी घातलीय, तेवढीच जागा जरा खचलेली आहे, पावसाळ्यात तिथं ओल धरते. तिथंच चटई टाकून बसलो आणि आईला कांड्या भरण्याचं प्रकरण वाचून दाखवलं. आईनं स्वतः लग्न होऊन आल्यापासून कांड्या भरल्यात. ती शेंगा सोलत ऐकत होती. मी मधे एकदा तिच्याकडं बघितलं तर शेंगा सोलायच्या थांबलेल्या, डाव्या हाताची बोटं मात्र हलत होती, सूत सोडल्यासारखी.

वाचून झालं. मी वाट बघत बसलो.

"सूत वल्लं असतंय तवा रहाट सावकाश फिरवायचा असतोय," ती म्हणाली, "तू लई जोरात फिरवलीस. तुटंल ते."

मी फोन काढून लिहून घेतलं.

"आणि सकाळपासनं बसवून ठेवलीस की गं तिला. एकदा तरी उठवायची. पाणी प्यायची अव्वा मधे, दाराजवळ तांब्या असायचा झाकून."

कुठल्या बाजूला, मी विचारलं. आईनं हातातली शेंग खाली ठेवली, उठली, आणि दाराच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. इथं, म्हणाली.